घण, जिओफोन आणि विवर: उल्केच्या खड्ड्याखाली काय आहे ते सिस्मिकने कसं बघायचं

दरवर्षी पाऊस ओसरला की भूशास्त्र शिकणारी दोन-चार मुलं माझ्याकडे येतात, सर आम्हाला लोणारवर सिस्मिक करायचंय, कुठून सुरुवात करू? मग दादरला स्टेशनबाहेर चहा पिता पिता मी तेच तेच सांगतो आणि दरवेळी काहीतरी सांगायचं राहूनच जातं, म्हणून यावेळी सगळं लिहून काढतोय. सिस्मिक म्हणजे जमिनीवर घण मारायचा आणि त्याची लाट दूरवर लावलेल्या जिओफोनना, म्हणजे जमिनीचं हलणं टिपणाऱ्या खिळेवाल्या यंत्रांना, किती वेळात पोचते ते मोजायचं. मुंबईत राहत असाल, कॉलेजचं २४ चॅनलचं (एका वेळी २४ जिओफोनची नोंद घेणारं) जुनं मशीन आणि एक आठ किलोचा घण एवढंच हाताशी असेल, तरी यातलं बरंचसं जमतं.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की विवरात शोधायचं काय. तेलवाले सिस्मिक करतात ते थर कुठे वाकलेत, कुठे तुटलेत ते बघायला. आपण विवरात बघतो की दगड किती फुटलाय. लाट अखंड दगडातून पळते आणि फुटलेल्या दगडातून रखडत जाते, सगळा खेळ एवढ्यावर आहे. आपला ताजा, अखंड काळा बेसाल्ट असेल तर त्यात पी लाट (सगळ्यात आधी पोचणारी दाबाची लाट) सेकंदाला ५००० ते ६००० मीटर वेगाने जाते, तोच बेसाल्ट भेगाळला की वेग निम्म्यावर येतो, त्याचा मुरूम झाला असेल तर आणखी खाली, आणि वरची सुटी कोरडी माती ३०० ते ७०० च्या आसपास. म्हणजे भेगाळलेल्यात दगड तोच, रासायनिक घटक तेच, तरी नुसत्या भेगांमुळे एवढा फरक पडतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण मेक्सिकोचं चिक्शुलूब. डायनासोर संपवणारं ते विवर, सुमारे १८० किलोमीटर रुंद, अर्धं जमिनीवर अर्धं समुद्रात, आणि वरून जवळपास काहीच दिसत नाही कारण सगळं चुनखडीखाली गाडलं गेलंय. तिथे १९९६ आणि २००५ मध्ये समुद्रात मोठे सिस्मिक सर्व्हे झाले, त्यात आतल्या डोंगरांच्या कड्याखाली, ज्याला पीक रिंग म्हणतात, वेग कमी येत होता. तिथे नक्की काय आहे यावर बरीच वर्षं वाद होता. मग २०१६ मध्ये तिथे ड्रिलिंग केलं, समुद्रतळाखाली १३३५ मीटरपर्यंत गेले, आणि निघाला काय तर ग्रॅनाइट! कित्येक किलोमीटर खोलीवरून उचलून वर फेकलेला, पण इतका चेचलेला की ज्या ग्रॅनाइटमध्ये लाट साडेपाच-सहा किलोमीटर वेगाने जायला हवी तिथे ती साधारण चारनेच जात होती. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, खरंच. आघाताची काही मिनिटं त्या दगडात साडेसहा कोटी वर्षं तशीच बंद होऊन पडलीयत आणि आपण ती लाटेच्या वेळेवरून वाचू शकतो.

आता विवराचा आकार. पृथ्वीवर साधारण २ ते ४ किलोमीटरपर्यंतची विवरं साधी असतात, वाटीसारखी, आणि वाटीच्या तळाशी फुटलेल्या दगडांचा खच म्हणजे ब्रेशिया. त्याहून मोठी झाली की तळ परत वर उसळतो, मध्ये उंचवटा तयार होतो, कडा कोसळून पायऱ्या पडतात. लोणार १.८ किलोमीटरचं, म्हणून ते साधं. तिथे मध्ये डोंगर शोधत बसू नका. १९७० च्या दशकात तळावर बोअर मारले होते, त्यात सुमारे १०० मीटर गाळ आणि त्याखाली फुटलेला बेसाल्ट मिळाला. सिस्मिकचा एकही शॉट मारायच्या आधी हे सगळं वाचून कागदावर एक काल्पनिक उभा छेद काढा, त्यात प्रत्येक थराचा अंदाजे वेग लिहा. हा कागद शेवटपर्यंत जपा.

मग प्रश्न ठरवा. "लोणारवर सिस्मिक" हा प्रश्न झाला नाही. २४ जिओफोन ५ मीटर अंतराने लावले तर लाइन होते ११५ मीटरची, आणि रिफ्रॅक्शनमध्ये, म्हणजे खालच्या वेगवान थरातून पळून वर आलेल्या लाटेच्या वेळा मोजायच्या पद्धतीत, ढोबळमानाने लाइनच्या लांबीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढंच खोल दिसतं, म्हणजे २५ मीटरच्या आसपास. चारशे मीटर खोल ब्रेशियाचा तळ घणाने दिसणार नाही, कितीही जोर लावा. त्याला दोन-अडीच किलोमीटरची लाइन लागते आणि स्फोटकं नाहीतर मोठा व्हायब्रेटर ट्रक लागतो, आणि लोणार हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे, तिथे हे करायचा विचारही मनात आणू नका. पण विवराच्या बाहेर, काठापासून किलोमीटरभराहून जास्त लांबपर्यंत, आघातात उडून पडलेला माल पसरलाय, त्याला इजेक्टा म्हणतात. तो कुठे किती जाड आहे हा प्रश्न आपल्या घणाच्या आवाक्यातला आहे, आणि चांगला प्रश्न आहे, कारण इजेक्टा कुठल्या दिशेला जास्त पडला यावरून उल्का कुठून आली यावर बोलता येतं.

लोणारला जायच्या आधी मुंबईत सराव करा. हे मी हात जोडून सांगतो. फील्डवर पोचून पहिल्यांदा पेटी उघडणारी टीम मी पाहिलीय, दोन दिवस केबल कुठली कुठे लावायची यातच गेले.

सरावाला सगळ्यात चांगली जागा म्हणजे चौपाटी. अक्सा किंवा गोराई, ओहोटीची वेळ बघून, भल्या पहाटे, लाइफगार्डना आणि जवळच्या पोलीस चौकीत आधी सांगून. वरच्या बाजूला, जिथे भरतीचं पाणी पोचत नाही, तिथे जिओफोन अर्ध्या-अर्ध्या मीटरवर लावा, लाइन झाली साडेअकरा मीटरची. खाली कोरडी वाळू, तिच्याखाली पाण्याने भरलेली वाळू. कोरडीत वेग साधारण ३००, भरलेलीत १५०० च्या वर. घण नको, छोटा हातोडा पुरतो. आता पहिल्या पोचणाऱ्या लाटेच्या वेळा ग्राफवर मांडा, आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर वेळ. सुरुवातीला एक उभट रेघ येईल, मग एकदम मोडून सपाट होईल. ती जिथे मोडते, म्हणजे जिथून पुढे खालच्या थरातून पळालेली लाट आधी पोचते, ते अंतर म्हणजे क्रॉसओव्हर. समजा वेग आले ३०० आणि १६००, आणि रेघ २ मीटरवर मोडली. खोली काढायची तर क्रॉसओव्हरच्या निम्मे म्हणजे १ मीटर, गुणिले वर्गमूळ, वर्गमुळाच्या आत दोन वेगांची वजाबाकी भागिले बेरीज. १३०० भागिले १९००, त्याचं वर्गमूळ ०.८३. म्हणजे पाणी ८३ सेंटिमीटरवर.

आणि मग फावडं घ्या आणि खणा.

हाच तो क्षण ज्याच्यासाठी मी मुलांना पहाटे साडेपाचला अक्साला बोलावतो. हात कोपरापर्यंत खड्ड्यात, वाळू आधी कोरडी भुरभुरीत, मग गार लागायला लागते, मग मुठीत धरली की गोळा होतो, आणि मग खड्ड्याच्या तळाशी हळूच पाणी झिरपायला लागतं. टेप लावला तर ऐंशीच्या आसपास. कागदावरचा आकडा हाताला ओला लागतो तेव्हा रिफ्रॅक्शनवर खरा विश्वास बसतो, पुस्तकातून बसत नाही. (खड्डा नीट बुजवून निघा, तिथे लहान मुलं पळत असतात. आणि जिओफोन गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवा, खारा वारा क्लिप्स आठवड्यात खातो.)

दुसरा सराव एखाद्या मैदानावर करा, मुद्दाम रेल्वे लाइनजवळच्या. तिथे गोंगाट काय असतो ते कळतं. लोकल लांबून येतानाच सगळे चॅनल हलायला लागतात, आणि गाडी नसतानाही विजेच्या वायरींमुळे ५० हर्ट्झचा सुंदर एकसारखा झुलता ग्राफ येत राहतो. फिल्टर लावून ५० हर्ट्झ कापता येतं पण घणाच्या लाटेचा बराच भाग त्याच पट्ट्यात असतो, म्हणजे कापलं की आपलंही काहीतरी जातं. त्यापेक्षा केबल ओव्हरहेड वायरपासून लांब ठेवा, गाडी गेली की मारा, आणि एकाच जागी आठ-दहा वेळा मारून ते रेकॉर्ड एकावर एक चढवा, याला स्टॅकिंग म्हणतात. आपली लाट दरवेळी त्याच वेळेला येते म्हणून वाढत जाते, गोंगाट दरवेळी वेगळा म्हणून मागे पडतो.

जिओफोन लावणं हे हलकं काम समजू नका. गवत बाजूला करा, वरची सुटी माती पायाने सारा, खिळा सरळ उभा पूर्ण आत गेला पाहिजे, आणि मग बोटाने हलवून बघा. जरा जरी डुगडुगला तर काढा, चार बोटं सरकवून परत लावा. २४ पैकी तीन ढिले असले तर ग्राफवर तीन ठिकाणी खोटे थर दिसतात, आणि खोटे थर खऱ्यांसारखेच छान दिसतात.

एक गोष्ट माझ्यावर बेतलेली सांगतो. पहिल्या मोठ्या फील्डला घणाला लावलेल्या ट्रिगरची, म्हणजे फटका पडताच मशीनला शून्य वेळ कळवणाऱ्या बटणाची, वायर आतून तुटत आली होती, बाहेरून टेप गुंडाळलेला म्हणून दिसलं नाही. कधी शून्य वेळ बरोबर, कधी चार-पाच मिलिसेकंद उशिरा. स्टॅक केलं की सगळं पुसट. दिवसभर आम्ही जिओफोन बदलत बसलो, घण मारणाऱ्या पोराला ओरडलो, आणि चूक भलतीकडेच होती. तेव्हापासून एक जिओफोन घण ज्यावर मारतो त्या प्लेटच्या अगदी शेजारी लावतो, त्याची पहिली हालचाल प्रत्येक फटक्याला त्याच वेळेला आली पाहिजे, नाही आली तर थांबायचं. आणि एक ट्रिगर केबल जास्तीची, नवी, पाकिटातून न काढलेली, नेहमी बॅगेत.

आता लोणार. मुंबईहून ट्रेनने जालन्यापर्यंत आणि तिथून गाडीने, मशीनची पेटी सीटखाली न ठेवता मांडीवर घ्या. अभयारण्याच्या हद्दीत काहीही करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी, तीही महिनोन्‌महिने आधी, कॉलेजच्या लेटरहेडवर. बाहेरच्या शेतात करायचं तर शेतकऱ्याची परवानगी, आणि ती फोनवर मागू नका, जाऊन भेटा. उन्हाळ्यात काळी माती हातभर फाटते, जिओफोन त्या भेगांमध्ये लटकतो, म्हणून सोयाबीन निघाल्यावर आणि रब्बी पेरायच्या आधी जी फट मिळते ती सगळ्यात चांगली, जमिनीत ओलही असते.

तुम्ही वायरी पसरल्या की पहिला प्रश्न येणार, "पाणी बघायला आलात का?" स्पष्ट सांगा, नाही काका, पाणी बघायला नाही. तिथे लोक बोअरसाठी कर्ज काढतात, आपल्या अर्धवट बोलण्यावर कुणी बोअर मारला आणि कोरडा गेला तर ते पाप आपल्यावर. एकदा एका काकांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "एवढं ठोकण्यापेक्षा माझ्या विहिरीत बघा की, सगळं उघडंच आहे." आम्ही बघितलं. वर काळी माती, मग लहानमोठ्या दगडांचा नुसता कालवा, काही धारदार काही कुजलेले, कसलीही रांग नाही, मध्ये मातीचे गोळे, आणि एकदम त्याच्या खाली सरळ आडवा अखंड काळा पाषाण. इजेक्टा आणि त्याखालची मूळ जमीन, एका नजरेत. त्या दिवसापासून मी पहिली लाइन नेहमी विहिरीला लागून टाकतो. विहिरीतला टेप हा आपला चौपाटीवरचा खड्डा समजा.

लाइन टाकताना शॉट दोन्ही टोकांना मारा, मध्ये मारा, आणि जागा असेल तर टोकांच्या २०-३० मीटर बाहेरूनही मारा. एकाच टोकाने मारलं आणि खालचा थर उतरता असला तर वेग चुकीचा येतो आणि तुम्हाला कळतही नाही. काठाजवळ तर सगळंच उतरतं. दोन्हीकडून मारण्याचा दुसरा फायदा म्हणजे तपासणी: पहिल्या टोकाला मारून शेवटच्या टोकाला लाट पोचायला जेवढा वेळ, तेवढाच उलट दिशेने लागला पाहिजे. दीड-दोन मिलिसेकंदाहून जास्त फरक आला तर वेळा टिपण्यात चूक आहे नाहीतर ट्रिगरमध्ये. प्रत्येक जिओफोनची उंचीही मोजा. आणि वही लिहा, पेनाने, फाइल नंबर, शॉटची जागा, किती फटके, वारा होता का, ट्रॅक्टर गेला का.

घरी आल्यावर पिकिंग, म्हणजे प्रत्येक रेषेवर लाट पहिल्यांदा कुठे हलली ते टिपणं. हे एकाच माणसाने, एका बैठकीत, सगळ्या रेकॉर्डवर एकाच पद्धतीने करावं. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत: फाइल वाचायला ऑब्स्पाय, टोमोग्राफीला, म्हणजे लाटेच्या वेळांवरून जमिनीतल्या वेगाचं चित्र काढायला, पायजिमली, सरफेस वेव्ह म्हणजे जमिनीलगत पळणाऱ्या लाटांसाठी जिओप्सी, सगळं फुकट आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. टोमोग्राफीचं रंगीत चित्र आलं की लगेच खूश होऊ नका, कुठून किती किरण (लाटेच्या वाटा) गेलेत तो नकाशा बाजूला उघडा, जिथे किरणच गेले नाहीत तिथला रंग सॉफ्टवेअरने भरलाय, जमिनीने दिलेला नाही. तो भाग पांढरा करा.

डेक्कनमध्ये, म्हणजे आपल्या लाव्हाच्या पठारावर, एक खास अडचण आहे. रिफ्रॅक्शनला फक्त खाली जाताना वेग वाढतो तेव्हाच दिसतं. आपल्याकडे दोन लाव्हा थरांमध्ये लाल मातीची पट्टी असते, रेड बोल, ती वरच्या बेसाल्टपेक्षा मंद, म्हणून ती रिफ्रॅक्शनला दिसतच नाही आणि तिच्याखालच्या सगळ्या खोल्या चुकतात. विवराच्या काठावर तर आणखी, तिथे आघाताने थर अक्षरशः उलटे दुमडलेत, वरचा खाली आणि खालचा वर, मग वेगवान दगड मंद दगडावर बसलेला सापडू शकतो. अशा जागी त्याच लाइनवर ४.५ हर्ट्झचे जिओफोन लावून सरफेस वेव्हचं रेकॉर्डिंग घ्या, मासव (MASW) म्हणतात त्याला, त्यात मंद पट्टी पकडता येते. मी तर म्हणेन काठावर दोन्ही केल्याशिवाय एकही छेद काढू नका.

रिफ्लेक्शनचं, म्हणजे थरावर आपटून परत आलेल्या लाटेचं, थोडक्यात सांगतो, कारण घणाने ते या दगडात फारसं जमत नाही. किती बारीक दिसेल याचा हिशेब तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याचा: वेग ३०००, फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, तरंगलांबी ६० मीटर, म्हणजे १५ मीटरपेक्षा पातळ थर वेगळा दिसणार नाही. शिवाय ब्रेशियात सरळ थरच नसतात, लाट दहा दिशांना विखुरते, आणि चित्रात तिथे नुसता गोंधळ दिसतो. पण तो गोंधळ कुठे संपतो आणि खाली सलग रेषा कुठे सुरू होतात हीच विवराच्या तळाची खूण असते. रिफ्लेक्शन डोळ्याखालून घालायचं असेल तर ओपनडीटेक्ट हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, सोबत उत्तर समुद्रातला एफ३ हा थ्रीडी डेटा फुकट मिळतो, त्यावर महिनाभर घालवा.

उत्तर समुद्रावरून सिल्व्हरपिट सांगितलंच पाहिजे. २००२ मध्ये गॅसच्या शोधासाठी केलेल्या थ्रीडी सिस्मिकमध्ये तिथे एक विवरासारखा आकार सापडल्याचं जाहीर झालं, मध्ये सुमारे ३ किलोमीटरचा खड्डा आणि भोवती वर्तुळाकार फॉल्ट (दगड तुटून सरकलेल्या भेगा), २० किलोमीटरपर्यंत. चित्र इतकं देखणं की कुणालाही पटेल. पण खालचं मीठ सरकूनही असं होऊ शकतं असं म्हणणारे होते, २००९ मध्ये लंडनला जाहीर चर्चा झाली आणि बहुतेकांनी आघाताच्या विरोधात मत दिलं. शेवटी २०२५ मध्ये नव्या सिस्मिकसोबत एका तेलविहिरीच्या जुन्या नमुन्यांमधून आघाताचा दाब सोसलेले क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या खनिजांचे कण मिळाले, तेव्हा कुठे आघाताची बाजू पक्की झाली. तेवीस वर्षं.

आणि आपल्या दारातलं उदाहरण तर त्याहून मोठं. मुंबईपासून समुद्रात साधारण १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे, समुद्रतळाखालचा एक उंचवटा, १९६० च्या दशकातल्या सागरी सिस्मिकने तो उंचवटा दाखवला आणि १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्रातल्या रिगवरून ड्रिल करून तिथे तेल मिळालं. पुराजीवशास्त्रज्ञ शंकर चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की हा उंचवटा म्हणजे ५०० किलोमीटरच्या एका अवाढव्य विवराचा मधला डोंगर, त्याला त्यांनी शिवा नाव दिलं. मुंबईकर म्हणून मलाही ते खरं असावं असं मनातून वाटतं. पण बहुतेक शास्त्रज्ञांनी ते मान्य केलेलं नाही, कारण आकाराला साथ देणारा आघात सोसलेला दगड सर्वांना पटेल असा पुढे आलेला नाही, आणि जमीन ताणली जाऊन फॉल्ट पडले तरी असे उंचवटे तयार होतात. लोणारवर मात्र बोअरच्या नमुन्यांत मास्केलिनाइट मिळालंय, म्हणजे प्रचंड दाबाने काच झालेला फेल्डस्पार, म्हणून तिथे वाद मिटला.

म्हणून रिपोर्ट लिहिताना भाषा सांभाळा. समजा तुमच्या लाइनवर वेग ६०० आणि ३००० आले, रेघ ३० मीटरवर मोडली, हिशेबाने खोली सव्वाबारा मीटर. तर "सुमारे १२ मीटरवर वेग ६०० वरून ३००० होतो" एवढंच निष्कर्षात लिहा. "इजेक्टा १२ मीटर जाड आहे" हे त्याच्या पुढचं वाक्य, आणि ते लिहायचं तर शेजारी विहिरीचा फोटो हवा, टेप लावलेला, आणि फोटोखाली त्या काकांचे आभार, त्यांना विचारून. सुरुवातीला काढलेला तो काल्पनिक छेदही पहिल्या पानावर तसाच छापा, खाडाखोड न करता, आणि त्याच्याच खाली तुमचा मोजलेला.